मोडलेल्या कानांची नोकरी

पहिल्या दुकानात मी नोकरी मागायला गेलो, तर मालकानं माझ्या हातात एकावन्न रुपये ठेवले.

वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. बाहेर पाटी लावलेली, ‘हुशार व होतकरू मुलगा पाहिजे’. हुशारीचं मी छातीठोक सांगू शकत नव्हतो, पण होतकरू नक्की होतो, म्हणून पायरी चढलो. चपला बाहेर काढल्या, नमस्कार केला आणि म्हणालो, “शेठ, जरा काम होतं.” शेठनी मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि काही न विचारता गल्ला उघडला. औंदा एवढ्यावरच भागवा म्हणाले, शाळा सुरू व्हायला अवकाश आहे, धंदा बसलाय, पावती मागनं दिली तरी चालंल. गणपतीच्या वर्गणीला अजून चार महिने होते. मी पैसे परत द्यायला हात पुढं केला, तर त्यांना वाटलं रक्कम कमी पडली. त्यांनी वर आणखी एक पन्नासाची ठेवली. आता ह्या माणसाला समजावायचं तरी कसं? मी नोटा वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवल्या आणि चक्क पळालो. कोपऱ्यावरनं मागं बघितलं, तर ते अजून हात जोडून उभे होते.

दोष त्यांचा नव्हता. माझं दिसणंच तसं होतं. पोरवयात वडिलांनी मला गावाकडनं आणून कोल्हापुरात तालमीत घातलं, आणि तिथनं पुढं मी माती, मेहनत आणि दूध ह्यांच्यावर वाढलो. मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते शिंप्यालाही कळायचं नाही. कपाळावर एक खोक. आणि कान. पैलवानाचे कान झटापटीत घासून घासून सुजतात, आत रक्त धरतं, मग ते तसेच गोळा होऊन वाळतात. तालमीत त्याला मान आहे. कान मोडल्याशिवाय पोराला कुणी पैलवान म्हणत नाही. माझा दुसरा कान मोडला तेव्हा आईनं गल्लीत पेढे वाटले होते. पण तालमीच्या बाहेर पाऊल टाकलं की तेच कान बघून बायका पोरांना जवळ ओढायच्या.

ही नव्वद-एक्याण्णव सालची गोष्ट. त्या वर्षी एका जत्रेच्या मैदानात माझा गुडघा फिरला आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता माती संपली. मी ढसाढसा रडलो. आमचे आकाराम वस्ताद शेजारी बसून होते. त्यांनीच मला घडवलं होतं, त्यांच्याच घरी मी इतकी वर्षं जेवत होतो, त्यांच्या बायकोला काकी म्हणत होतो. वस्ताद म्हणजे बोलायला एकदम कमी. माझं रडून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, “तुझ्या पोटाचं मी बघतो.”

आणि त्यांनी खरोखरच बघितलं. पंचायत समितीच्या सभापतींना एक पैलवान गडी पाहिजे होता, जीपमधनं बरोबर हिंडायला. काम काय, तर साहेब बोलत असताना मागं हात बांधून उभं राहायचं. पगार चांगला, दोन वेळचं जेवण, वर दूध. वस्तादांनी माझ्या वतीनं शब्द देऊन टाकला, एक तारखेपासून पोरगा येईल. तालमीतली बाकीची पोरं माझ्या नशिबावर जळायला लागली.

काम बघून ये म्हणून एक दिवस मी गेलो. एका गावात सभा होती. साहेब बोलत होते आणि मी मागं उभा. मधीच एक म्हातारे मास्तर उठले. धोतर, टोपी, हातात छत्री. त्यांना पाण्याच्या टाकीचं काही विचारायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं, साहेबांकडं बघितलं, मग साहेबांच्या खांद्यावरनं माझ्याकडं बघितलं, आणि काही न बोलता खाली बसले. मी काहीच केलं नव्हतं हो. नुसता उभा होतो. परत येताना साहेब खुशीत होते, पैलवानाचा पायगुण चांगला आहे म्हणाले. मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली की घरी काकींनी केलेलं मटण तसंच ताटात ठेवून उठलो.

तिथंच मी ठरवलं, हे काम आपण करायचं नाही. पण वस्तादांच्या तोंडावर नाही म्हणायचं म्हणजे काय खायचं काम होतं? त्यांनी शब्द दिलेला. शब्द मोडायचा तर हातात दुसरी नोकरी पाहिजे, आणि ती पुढच्या महिन्याच्या एक तारखेच्या आत. म्हणून मी गुडघ्याला तेल लावून घ्यायला वैद्याकडं जातोय असं घरी सांगायचो आणि गावभर नोकरी मागत फिरायचो.

पुस्तकाच्या दुकानाचं सांगितलंच. एका डॉक्टरांकडं कंपाउंडरची जागा होती, तिथं मी बाकावर जाऊन बसलो तर रांगेतले सगळे पेशंट म्हणायला लागले, तुम्हीच जावा आधी, आम्हाला काय घाई नाही. एका खानावळीच्या मॅनेजरला मी नमस्कार केला तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, परवाच तर दिला की हप्ता. एका ठिकाणी तर मालक स्वतः समोर बसून मला सांगत होता की मालक परगावी गेलेत. जिथं काम मिळत होतं तिथं ते एकाच जातीचं होतं, दारात उभं राहा, मागं उभं राहा, कुणाच्या तरी घरासमोर जाऊन नुसतं उभं राहा. माझ्या तोंडाला मोल होतं, नाही असं नाही, पण ते लोकांना घाबरवायचं मोल.

अशातच महाद्वार रोडला मगदूम वस्त्रालयात गेलो. जिनदत्त मगदूम शेठ म्हणजे बारीक अंगाचा, चष्म्यातनं वर बघून बोलणारा शांत माणूस. लग्नसराई तोंडावर आणि त्यांचा एक सेल्समन काम सोडून गेलेला. मी आत गेल्यावर दोन बायका पटकन उठल्या, पण शेठ हलले नाहीत. काय पाहिजे विचारलं. मी नोकरी म्हणालो. ते म्हणाले, “हात दाखव.”

मी पंजा पुढं केला. त्यांनी एका रेशमी साडीचा पदर माझ्या तळहातावर ठेवला आणि हळूच ओढला. माझ्या हाताला दंड-जोर, मुदगल आणि लाल माती ह्यांनी घट्टे पाडलेले. रेशमाचा धागा त्यांत अडकला. शेठनी तो नखानं सोडवला आणि पदर घडी करून ठेवला. “असल्या हातात रेशीम देता येत नाही,” म्हणाले. “रोज खोबरेल चोळ. आठ दिवसांनी ये, मग बघू.”

बाहेर आलो आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी मला तोंडावरनं सोडून दुसऱ्या कशावरनं तरी नाकारलं होतं. मी आठ दिवस खोबरेल चोळलं, दगडानं घट्टे घासले, रात्री हाताला साय लावून झोपलो. काकी विचारायच्या, काय रे, गुडघ्याचं तेल हाताला कशाला? वैद्यानंच सांगितलंय म्हणायचो. आठ दिवसांनी पदर माझ्या हातावरनं सरकन गेला. शेठनी महिनाअखेरपर्यंत तात्पुरतं ठेवून घेतलं. घरी सांगितलं, वैद्य आता दिवसभर शेकायला बसवून ठेवतोय.

साडीच्या दुकानातलं काम तुम्हाला ठाऊक असेलच. गादीवर पांढरी चादर, त्यावर बायका बसणार, आणि सेल्समननं नुसती साडी उलगडून भागत नाही, ती स्वतःच्या अंगावर नेसून दाखवायची. पँटवरनं कमरेला नाडी बांधायची, त्यात निऱ्या खोचायच्या, पदर खांद्यावर टाकायचा आणि आरशापुढं एक गिरकी घ्यायची. आमचे थोरले सेल्समन माळकर ह्यात तरबेज होते. माळकरमामा शिडशिडीत, नाजूक चणीचे. त्यांच्या खांद्यावर साधी सुती साडी टाकली तरी ती भारी दिसायची, आणि घरी नेऊन नेसल्यावर बाई बुचकळ्यात पडायची की दुकानात दिसली ती हीच का. त्यांनी मला जीव लावून शिकवलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही दोघं आरशापुढं निऱ्या घालत उभे. मला लाज वाटत नव्हती असं नाही. पण मास्तरांच्या वेळी वाटली तसली ती नव्हती.

माझं पहिलं गिऱ्हाईक एक सासू आणि सून होती. मी पहिलीच साडी उलगडली, तर सासू म्हणाली, छान आहे, बांधा. भाव नाही, घासाघीस नाही, दुसरी दाखवा नाही. सांगितली ती किंमत मोजून दोघी गेल्या. मी फुशारकीनं शेठकडं बघितलं, तर त्यांचं तोंड कडू झालेलं. माझ्याजवळ येऊन म्हणाले, “बाई भाव न करता गेली, म्हणजे भिऊन गेली. भिऊन घेतलेली साडी परत येते.” आणि आली हो. दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या हातनं. तो बिचारा पिशवी पायरीवर ठेवून लांब जाऊन उभा राहिला.

मग मला बदलायचे प्रयोग सुरू झाले. माळकरमामांनी सुचवलं, कान झाका. मी ऐन उन्हाळ्यात मफलर गुंडाळून बसलो, तर येईल ती बाई दाढ दुखते का विचारायची. मग ठरलं, हसत राहायचं. मी दिवसभर हसलो. संध्याकाळी मामा म्हणाले, हसू नका, हसला की आणखी भ्या वाटतं. शेवटी शेठनी मला माळ्यावर पाठवलं, गठ्ठे काढायला आणि घड्या घालायला. तिथं कुणाला मी दिसत नव्हतो. ते एकदा वर आले आणि सरळच बोलले. तू कामाचा आहेस, इमानी आहेस, पण गिऱ्हाईकानं तुझ्यासमोर तोंड उघडलं पाहिजे. हे नको, ते दाखवा, महाग सांगता, असं बोललं पाहिजे. महिनाअखेरपर्यंत तसं झालं तर ठेवतो, नाहीतर मला तुझा उपयोग नाही. महिना संपत आला होता. मी माळ्यावर बसून घड्या घालत होतो आणि डोळ्यापुढं सभापतींची जीप दिसत होती.

आणि नेमकं अशात एक दिवस सकाळी माळकरमामांच्या कमरेत उसण भरली. वाकता येईना की वळता येईना. त्याच दिवशी दुकानात एक मोठा बस्ता यायचा होता. लग्नाचा बस्ता म्हणजे दोन्हीकडची वीस-पंचवीस माणसं येणार, नवरीचा शालू, विहिणींच्या साड्या, आत्या-मावशांच्या मानपानाच्या साड्या, सगळं एका बैठकीत. शेठनी माळ्याकडं बघून हाक मारली, हणमंत, खाली ये, आज तूच आहेस.

मी कमरेला नाडी बांधत जिन्यावरनं उतरत होतो आणि दारातनं पहिल्यांदा आत आल्या त्या काकी. आमच्या काकी, वस्तादांच्या. मागं त्यांची लेक शालन, तिच्या मागं मावशा, आत्या, शेजारणी, आणि नवऱ्याकडची मंडळी. शालनचं लग्न ठरलेलं मला माहीत होतं, पण बस्ता आमच्या दुकानात बांधणार आहेत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण मी इथं आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. मी जिन्यातच थिजलो. काकींनी मला बघितलं, माझ्या कमरेची नाडी बघितली, आणि सगळं ओळखलं. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “हे व्हय रे तुझं वैद्याचं तेल?” मी वस्तादांचं विचारलं. त्या म्हणाल्या, ते यायचे नाहीत, बायकांच्या घोळक्यात माझं काय काम म्हणून गेलेत पत्रिका वाटायला. मला जरा धीर आला.

मानपानाच्या साड्या झकास उरकल्या. काकींकडच्या बायका मला लहानपणापासनं ओळखत होत्या, त्यांना कसली भीती? एक एक साडी मी नेसत होतो आणि त्या पोट धरून हसत होत्या. हणमंता, पदर घे की डोक्यावरनं, सासरे आलेत, असं एक मावशी म्हणाली. मी घेतला. त्यांचं बघून नवऱ्याकडच्या बायकाही सैलावल्या. शेठ गल्ल्यावरनं बघत होते, पण त्यांच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. आपल्याच माणसांची थट्टा ते जमेला धरणार नाहीत हे मला कळत होतं.

खरी गाडी अडली ती शालूला. शालन बापाच्या वळणावर गेलेली. उंच, रुंद खांद्याची, हाडापेरानं मजबूत पोरगी. वस्तादांच्या घरी दोन्ही हातांत पाण्याच्या घागरी घेऊन ताठ चालायची. पण त्या दिवशी गादीवर ती खांदे आत ओढून, अंग चोरून बसली होती, जणू तिला कुणी बघायलाच नको. कारण विहीणबाई. विहीणबाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्या तोंडाला कुलूप नव्हतं. अंगापिंडानं थोराड आहे, बारीक काठाचं दाखवा, जरा आटोपशीर दिसेल. गडद नको, फिकं दाखवा. मोठा बुट्टा नको, आणखी मोठी दिसेल. मी बारीक काठाचे, फिके, नाजूक शालू एकेक करून काढत होतो. शालन प्रत्येकाला मान हलवून नाही म्हणत होती. काय पाहिजे ते सांगत नव्हती, नुसती नाही. तास गेला, दीड तास गेला. चहा झाला, परत चहा झाला. विहीणबाई धुसफुसायला लागल्या, आमच्यात नवरीनं एवढं ताणत नाहीत म्हणाल्या. काकी घाबऱ्या झाल्या आणि त्यांनी कुणाला तरी पाठवून वस्तादांना निरोप धाडला, आता तुम्हीच येऊन पोरीला दोन शब्द सांगा. माझं धाबंच दणाणलं, पण पळणार कुठं?

शालनच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. ती समोरच्या काचेतल्या बाहुलीकडं बघत होती. बाहुली वीतभर कमरेची, तिच्यावर तसलाच एक फिका शालू छान दिसत होता. मला तिचं बघवेना. ती कशानं कुढत होती ते मला अंगभर कळत होतं, दुसरं कुणाला कळो न कळो. मला माळ्यावरचा एक गठ्ठा आठवला. त्यात वांगी रंगाचा एक शालू होता, वीतभर रुंद जरीचा काठ, पदरावर मोठमोठ्या कोयऱ्या. कुणी घेत नव्हतं त्याला, माळकरमामांच्या अंगावर तर तो नुसता लोंबायचा. मी वर जाऊन तो आणला, विहीणबाई काय म्हणतात तिकडं लक्ष न देता निऱ्या घातल्या, कमरेला खोचल्या, पदर खांद्यावर टाकला आणि आरशासमोर उभा राहिलो.

आरशात मला दार दिसत होतं. दारात आकाराम वस्ताद पायताण काढत होते.

ते आत आले. हातात पत्रिकांची पिशवी, डोक्याला फेटा. बायकांनी सरकून वाट दिली. वस्ताद आधी लेकीकडं बघायला लागले आणि मग त्यांची नजर माझ्यावर आली. वांगी रंगाच्या शालूतला त्यांचा पैलवान. माझे कान गरम झाले. पदर काढून टाकावा असं हाताला वाटलं, पण हात हलला नाही. शेठ गल्ल्यावरनं उठून उभे राहिले होते. पदर काढला असता तर माझी नोकरी तिथंच संपली असती, आणि नाही काढला तर इतक्या वर्षांचं घर संपलं असतं.

“हणम्या,” वस्ताद म्हणाले.

“जी.”

“हे काय?”

थट्टेत नेसलोय, काकींना मदत करतोय, असं काहीही सांगता आलं असतं. काकींनी तोंड उघडलंही होतं माझ्या वतीनं. मी म्हणालो, “नोकरी हाय, वस्ताद. बघत होतो, मिळत्या का.”

“आणि सभापतींस्नी मी शब्द दिलाय त्याचं?”

“मला न्हाई जमायचं ते. माझ्याकडं बघून माणसं बोलायची थांबत्यात. मला त्याचे पैसे नकोत.” वस्तादांना मी आयुष्यात पहिल्यांदाच नाही म्हणत होतो, आणि तेही शालू नेसून.

वस्ताद पिशवी खाली ठेवून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. विहीणबाईंनीसुद्धा पदर तोंडाला लावला.

तेव्हा शालन बोलली. सकाळपासनं पहिल्यांदा.

“आबा, जरा बाजूला व्हा,” ती म्हणाली. “हणमंतदादा, फिर की. मागनं काठ कसा बसतोय ते बघायचंय.”

वस्ताद बाजूला झाले. काय करणार? मी फिरलो. पुरा फिरलो, माळकरमामांनी शिकवली तशी गिरकी घेऊन. शालन उठून उभी राहिली. तिनं पुढं येऊन पदर धरला, उजेडाकडं केला, काठावरनं हात फिरवला, माझ्या खांद्याकडं बघितलं, मग आरशात स्वतःच्या खांद्याकडं बघितलं. तिनं खांदे मोकळे सोडले तेव्हा ती माझ्या बरोबरीची दिसायला लागली.

“काठ लई रुंद हाय गं,” विहीणबाई म्हणाल्या.

“माझ्या अंगाला रुंदच शोभतोय,” शालन म्हणाली. “बघा की कसा दिसतोय. उठून दिसतोय का न्हाई? आणि भाव काय सांगताय? एवढे दिवस माळ्यावर पडलेला दिसतोय, घडीच्या जागी रेघ पडल्या. त्याचे कमी करा.”

मी शेठकडं बघितलं. ते चष्मा पुसत होते.

भाव मी सांगितला. शालननं निम्मा केला. मी वाढवला, तिनं विहीणबाईंना साक्षीला घेतलं, विहीणबाई तावातावानं तिच्या बाजूनं भांडायला लागल्या, मावशा मधी पडल्या, आणि त्या गादीवर असा कालवा उठला की रस्त्यावरची माणसं आत डोकावायला लागली. माझ्यासमोर दहा बायका एकदम बोलत होत्या आणि एकीलाही माझी भीती वाटत नव्हती. मी शालू नेसून तिथं उभा होतो आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की भांडा, आणखी भांडा.

ह्या सगळ्यात वस्ताद लेकीकडं बघत होते. शालन हात नाचवून बोलत होती, हसत होती. सौदा ठरला तेव्हा ते माझ्याजवळ आले. मला वाटलं आता कानाखाली बसणार. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला.

“खांदा पाड,” म्हणाले. “आखाड्यात उभा ऱ्हायल्यागत उभा ऱ्हाऊ नगंस. पदर दिसत न्हाई.”

मी खांदा सैल सोडला. पदर नीट पडला. मग वस्ताद, ज्यांनी जन्मात कधी साडीच्या दुकानात पाय ठेवला नव्हता, ते गादीवर मांडी घालून बसले, फेटा काढून मांडीवर ठेवला, आणि म्हणाले, आता हिच्या आईचं दाव. काकी लाजून नको नको म्हणायला लागल्या. त्यांच्यासाठी वस्तादांनी एक निळी काढायला लावली, मग एक हिरवी, मग परत निळी. मी नेसत होतो, ते हातानं फिर अशी खूण करत होते.

तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. वस्ताद पत्रिका द्यायला सभापतींकडं गेले होते आणि साहेबांनीच त्यांना जीपनं दुकानापर्यंत पाठवलं होतं. हा त्या जीपचा ड्रायव्हर, इतका वेळ बाहेर थांबलेला. मला निळ्या साडीत बघून तो जरा चाचरला, मग वस्तादांना म्हणाला, साहेबांनी विचारून यायला सांगितलंय, तुमचा पैलवान एक तारखेला नक्की येणार ना.

माझा हात निऱ्यांवरच थांबला. काकींनी वस्तादांकडं बघितलं.

वस्तादांनी निळ्या साडीवरनं डोळे काढले नाहीत. “साहेबांस्नी सांग,” ते म्हणाले, “त्याला सुट्टी न्हाई. लग्नसराई हाय.”

गल्ल्यावरनं मगदूम शेठ खाकरले. “वस्ताद, मी अजून ठेवून घेतलेलं नाही त्याला.”

वस्तादांनी मान वर करून शेठकडं एकदा बघितलं.

“मग घ्या की,” म्हणाले. “आणि ह्या निळीचा भाव काय त्ये बोला. हिला पसंत पडल्या.”